शिक्क्यावर फिरवलेला रंधा

आमच्या घरी गॅसचं सिलिंडर आलं का ओट्यापाशी जाच्या आधी ते तान-काट्याले लटकते. आननारा मानूस गाडी चालू करून उभा असते, त्याले आमचे हे थांबवते. काट्यावरचा आकडा चष्मा लावून पाहाते, मंग चष्मा काढून पाहाते, अन् म्हनते का काटाच बराबर दिसत नाई. काटा त्यायनंच राळेगावच्या बजारातून पारखून आनलेला. आता बोला.

सदाशिवराव म्हनते त्यायले गावात. मी विमल, त्यायची बायको. चौतीस वर्षं झाली या घरी. बारा एकर वावर आहे, कापूस अन् तूर, मधी थोडं सोयाबीन. मानूस व्यसनी नाई, भांडखोर नाई, कामाले कंटाळत नाई. फक्त भरवसा नावाची चीज देवानं त्यायच्या आंगात घालाची भुलला. तेलाच्या डब्यावर पेनानं रेघ मारून ठेवते. लग्नात जेवाले बसले तं चपला थैलीत घालून मांडीखाली घेते. एकदा मले ताप आला, तं थर्मामीटर आधी सोताच्या तोंडात धरून पाह्यलं, का बा हे खरं सांगते का खोटं. मी तिकडे कन्हत होती अन् हे घड्याळ पाहून राह्यले होते. अशा मानसावर चिडाव का हासाव, हे मले अजून कळलं नाई.

पन याले कारन आहे, ते भी सांगतलं पाह्यजे, नाईतं म्हनसान बाई नवऱ्याची बदनामीच करते. आमच्या लग्नाच्या आधीची गोठ. मामंजीनं यायले पहिल्यांदा एकट्याले बैल आनाले बजारात धाडलं. यायनं आनला तो बैल असा का सारं गाव पाहाले आलं. शिंगं तुळतुळीत, काळीभोर. पंधरा दिवसांनी पानी आलं अन् शिंगावरचं वंगन धुऊन गेलं. मामंजीनं बैलाचं तोंड उघडून दात पाह्यले, तं बैल म्हातारा. विकनाऱ्यानं शिंगं साळून त्यावरची वयाची वळी उडवली होती अन् वरून रंग-तेल चोपडलं होतं. एक हंगाम भी धड चालला नाई तो. पोळ्याले लोक यायले इचारत, सदाशिव, औंदा शिंगं कोनाकडून साळली? तवापासून यायनं मनात पक्कं केलं का वरून चांगली दिसली ती वस्तू खरडून पाह्यल्याशिवाय घ्याची नाई.

आता माह्या दाराची गोठ. अकरा वर्षांखाली घर बांधलं तवा समोर तात्पुरतं म्हनून एक तयार दार बसवलं. पहिल्याच पावसाळ्यात ते फुगलं. तवापासून पावसाळ्यात ते लागत नाई अन् उनाळ्यात बोटभर फट पडते. मी रोज संध्याकाळी मसाल्याचा पाटा ओढत नेऊन दाराले टेकवत होती. दोनदा कुत्र्यानं भाकरी नेल्या, एकदा बकरी येऊन माह्या कोऱ्या साडीचा पदर खाऊन गेली. अकरा वर्षं पाटा ओढला मी, कंबर गेली माही.

दुसरं दार काहून नाई आनलं म्हनसान. त्याचं असं, मी लगीन होऊन आली त्या साली मामंजीनं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सागाचं रोप लावलं होतं. रोपाले पानी घालता घालता मले म्हनले होते, "बाई, याचं दार तुह्या घराले लागीन." असं कोनी सासरा सुनेले बोलते का? माहेरी भी मले कोनी असं काही देल्लं नव्हतं. मामंजी गेले, झाड राह्यलं. मंग मी भी हटून बसली का दार लागीन तं त्याच सागाचं, नाईतं पाटा आहेच.

गेल्या उनाळ्यात झाड तोडाचं ठरलं. आमच्याकडे सोताच्या वावरातला साग भी सोताच्या मनानं तोडता येत नाई. अर्ज केला, फॉरेस्टचे गार्डसाहेब येऊन झाड पाहून गेले, परवानगी आली. तोडल्यावर ते पुन्हा आले, लोखंडी हातोडी घेऊन. हातोडीच्या तोंडावर नंबर कोरलेला. लाकडाची साल जराशी तासून ठप् ठप् शिक्का मारला, तं नंबर लाकडात रुतून बसला. तोच नंबर कागदावर. शिक्का म्हंजे त्या लाकडाचं आधार कार्डच समजा. तो असला तं लाकूड तुमचं, नसला तं ते जंगलातून चोरलेलं.

ओंडके राळेगावच्या आरा मशीनवर नेले, तं हे ट्रॉलीत ओंडक्यावरच बसून गेले. ड्रायव्हर म्हने का काका, समोर बसा, पडसान. नाई. रस्त्यात लाकूड बदललं तं? फळ्या चिरून आल्या, त्यायच्या डोक्याशी यायनं डांबरानं सोताची खूण केली अन् सावलीत वाळाले ठेवल्या. दर सोमवारी मोजत. फळ्या काय पिलं देनार होत्या का, पन मोजत.

दिवाळी झाली अन् रूपसिंगले बलावलं. नाल्याच्या पलीकडे तांडा आहे, रूपसिंग तिथला. कळंबच्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली सुतारकाम शिकला, अन् आता चार गावची दारं-चौकटी त्याच्याच हातच्या. मानूस कमी बोलते. त्याची घरवाली मानीबाई पंधरा वर्षांपासून माह्यासंगं कापूस वेचाले असते, आमची दोघींची ओळ सोबत चालते. माह्या पोटातलं जे बहिनीले माहीत नाई ते मानीबाईले माहीत आहे.

रूपसिंग आंगनात काम कराले लागला तसे हे खुर्ची टाकून समोर बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कापूस फुटून वावर पांढरं झालं अन् आमचे हे इकडे सुताराच्या हाताकडे पाहून राह्यले. रूपसिंग आपला रंधत राह्यला.

शिक्का तीन जागी होता. दोन फळ्यांच्या अंगावर एक-एक, अन् तिसरा एका फळीच्या टोकाले. ते टोक तडकलेलं होतं म्हनून रूपसिंगनं चार बोटं जाडीची चकती कापून काढली. कापडात गुंडाळली अन् यायच्या समोरच थैलीत घातली. म्हनला, ही मी घरी जपून ठेवतो, दार लागलं का नारळासोबत तुमच्या हातात देईन. अन् या दोन फळ्यांचे शिक्के दार लागेपर्यंत रंधाचे नाई. उस्तादाची रीत आहे, शिक्का सगळ्यात शेवटी. मी चहा घेऊन उभी होती, माह्या कानानं ऐकलं. यायनं मान हालवली.

पन मान हालवली म्हंजे मनात उतरलं असं नाई ना. संध्याकाळी जेवताना म्हनले, चकती कायले नेली असंन? मी म्हनलं, सांगतलं ना त्यानं. सकाळपर्यंत त्या इचाराले पाय फुटले. दात घासता घासता मले सांगू लागले का शिक्का नेला त्यानं, शिक्का. आता जंगलातलं लाकूड आनीन, हटकलं तं माह्या शिक्क्याची चकती दाखवीन, अन् धरल्या गेला तं नाव माह्यं येईन. अन् वरून म्हनले, तांड्यातला मानूस तो.

तवा मात्र माह्या पायाची आग मस्तकात गेली. मी म्हनलं, तांड्यातला म्हंजे काय? बैल विकनारा तं तुमच्याच सोयऱ्यातला होता, त्याचं नाव काहून नाई घेत कधी? त्यावर गुळन्या करत राह्यले.

रूपसिंग आला तं त्याले चकती मांगतली. तो म्हनला, रीत मोडते पन घ्या, आत्ता घरून आनून देतो. तं हे काय म्हनले असतीन? म्हनले, "आता कायची आनतं? आता दुसरीच आनून देशीन. चोरच दुसऱ्याची वस्तू जपते."

रूपसिंगनं हातातला रंधा खाली ठेवला. एक-एक औजार थैलीत भरलं. मले वाटलं आता जाते, तं उंबरठ्यापाशी आला अन् थैली उलटी करून झाडली. रंधा, पटाशी, हातोडी, गुन्या, पेन्सिलीचा तुकडा, सारं जमिनीवर. "पाहून घ्या," म्हनला. मंग खाली बसून सारं पुन्हा भरलं अन् गेला. मी तिथीच उभी होती. जमिनीनं पोटात घेतलं असतं तं बरं झालं असतं.

दार तसंच राह्यलं. मंग यायनं नागपूरले फोन लावला, कपिलले, आमच्या पोराले. रंध्याची मशीन पाह्यजे म्हनले. विजेवर चालनारा हातरंधा. आता सुतार नोको, कोनी नोको, माह्यं दार मीच करतो.

मशीन आली. डबा उघडाच्या आधी मले मोबाइल धराले लावला, का बा उघडताना पिक्चर काढ, आत दगड निघाले तं पुरावा राह्यला पाह्यजे. दगड नाई निघाले. निळी-काळी मशीन निघाली, इस्तरीवानी आकाराची, वरून मूठ, समोर खोली कमी-जास्त कराची चकरी, खाली फिरत्या गोल रुळावर बसवलेली दोन पाती. चकरीवर एक मिलिमीटर लिहिलं होतं, ते त्यायले पटलं नाई. बाभळीच्या फळकुटावर चालवलं अन् पट्टी लावून मोजलं. एकच निघालं. तरी त्यायचं समाधान नाई, म्हनले पुढे बदलंन.

पहिले दोन दिवस नुसती फजिती. सागाच्या रेषेच्या उलट चालवली तं लाकडाचे टवके उडाले. बटन सोडलं म्हंजे मशीन थांबली असं समजून फळीवर ठेवून देल्ली, तं पाती अजून फिरूनच राह्यली होती, फळीले खड्डा पडला. टोकाशी आलं का मशीन खाली झुके अन् टोक जास्त कापल्या जाय. लाइन गेली का हे खांबाकडे असं पाहात का वायरमननं मुद्दामच केलं. पन तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात बसला. सुरुवातीले पुढे दाब, शेवटी मागे दाब, हे सोताचं सोताले समजलं. लांबच लांब पातळ छिलके निघाले, आंगनभर सागाचा वास. हे एक छिलका उजेडात धरून मले दाखवाले चुलीपाशी आले. चौतीस वर्षांत मले काही दाखवाले असे आले नव्हते. मले भी बरं वाटलं, खोटं कायले बोलू.

अन् त्याच दिवशी दुपारी मी कापूस टाकून घरी आली, तं शिक्क्याची फळी सुताराच्या लाकडी घोडीवर आडवी टाकलेली. मी म्हनलं, अजी, तिथी रंधा लावाचा नाई म्हनून सांगतलं आहे त्यानं. तं हे म्हनले, "त्यानं नाई म्हनलं, म्हनूनच." त्यायचं म्हननं असं, का शिक्क्याच्या खाली काय आहे हे त्याले दिसू द्याचं नसंन. आरा मशीनवर लाकूड बदललं असंन अन् शिक्का वरून ठोकला असंन. खरा शिक्का असंन तं खोल गेला असंन, एका हातात निघनार नाई.

एका हातात नाई निघाला. नंबर पुसट राह्यला. मंग यायनं चकरी फिरवली अन् दुसरा हात मारला. तो निघाला. खाली काय होतं? सागच होता. चांगला, मधावानी रंगाचा, मामंजीच्या हातचा साग. दुसऱ्या फळीवर भी तेच केलं, दोनदा पाह्यलं का खात्री होते म्हने. बैलाचं शिंग खरडून पाहाचं राह्यलं होतं ते या मानसानं आता खरडलं.

एवढ्यावर भागलं असतं तं भी ठीक होतं. गुरुवारी हे राळेगावले गेलते. तिथी कँटीनवर गार्डसाहेब भेटले. यायनं त्यायच्या कानात सारं ओतलं, का तांड्यातल्या रूपसिंगनं माह्या शिक्क्याची चकती चोरून नेली, त्याच्या घरी जाऊन पाहा, त्यावर तो लाकूड खपवत असंन. घरी येऊन मले सांगतलं ते मोठा किल्ला जिंकल्यावानी. मी त्या दिवशी जेवली नाई. दुसऱ्या दिवशी वेचाले गेली, तं मानीबाई दुसऱ्या ओळीत होती. तिच्या कानावर गेलं होतं.

शनिवारी सकाळी गार्डसाहेब आले. मानूस भला, आवाज भी चढवला नाई. म्हनले, तक्रार तुमच्या लाकडाची आहे, तं आधी तुमचं लाकूड पाहू, मंग तांड्यात जाऊ. यायनं मोठ्या तोऱ्यात पेटीतून कागद काढले. कागद बरोबर होते. गार्डसाहेब फळ्यांपाशी गेले, एक-एक उलटी-सुलटी केली, मंग त्या दोन गुळगुळीत फळ्यांवरून हात फिरवला.

"शिक्का कुठं आहे?"

"रंधला," हे म्हनले.

"का?"

काय सांगतीन? का मले पाहाचं होतं खाली काय आहे?

गार्डसाहेबानं टोपी काढली, कपाळ पुसलं. म्हनले, सदाशिवराव, कागद खरा आहे, पन कागदावरचं लाकूड हेच, हे मी कायवरून धरू? असे एका कागदावर दहा झाडं खपवनारे पाह्यले मी. मले पंचनामा करा लागीन, लाकूड डेपोत जाईन, पुढचं साहेब ठरवतीन. ते खुर्चीवर बसून लिहू लागले. कुंपनाशी पाच-सात लोक जमले होते. हे ओसरीवर बसले, हात मांडीत धरून. मले फक्त धुऱ्यावर रोपाले पानी घालनारे मामंजी दिसून राह्यले होते. माह्यं दार ट्रॅक्टरवर बसून जानार होतं.

मी मागच्या दारानं निघाली, नाला उतरली अन् तांड्यात गेली. मानीबाई दारात धान पाखडून राह्यली होती. मले पाहून बस म्हनली नाई. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. रूपसिंग आतून आला, त्याले मी सारं सांगतलं. शिक्का आता फक्त त्या चकतीवर आहे, ती आन बाबा, म्हनून मी हात जोडले.

त्यानं माह्ये हात खाली केले. म्हनला, "वयनी, चकती आहे. पन ती घेऊन मी आंगनात पाय ठेवला, का चोर मीच. तक्रार भाऊची आहे ना? भाऊच्या तोंडून निघू द्या का ठेवाले मीच देल्ली होती. मंग आनतो." काही खोटं नव्हतं त्यात. रूपसिंगपाशी चकती सापडली म्हंजे तक्रार खरी ठरत होती. माह्यं दार वाचवाले त्याची रोजी जानार होती, अन् चार गावच्या चौकटींवरचं त्याचं नाव जानार होतं. मानीबाई माह्यामागं नाल्यापर्यंत आली. बस म्हनली नव्हती, पन आली.

घरी येऊन मी यायले आत सयपाकघरात बलावलं अन् सांगतलं. तं हे काय बोलले माहीत आहे?

"अन् मी म्हनलं, अन् त्यानं दुसरीच चकती आनली तं?"

त्यावर मी ओरडली नाई. ओरडली असती तं बरं, त्याची त्यायले सवय आहे. मी पाटा होता तिथी जाऊन त्यावर बसली अन् म्हनलं, "चौतीस वर्षं मी तुमच्या तेलाच्या डब्यावरची रेघ पाहून सयपाक करते. कधी बोलली नाई. मामंजीनं एक रोप लावलं अन् माह्यावर सोडलं, का बाई, याचं दार तुह्यं. त्यायनं काय खरडून पाह्यलं होतं मले? मी नवी सून होती, काय माहीत होतं त्यायले माह्यं? तरी देल्लं. तुम्ही त्याच बापाचे आहा ना?"

हे उभे राह्यले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अन् बाहेर गेले.

मी दाराशी उभी राहून ऐकलं. हे गार्डसाहेबासमोर गेले अन् म्हनले का चकती रूपसिंगले मीच ठेवाले देल्ली. गार्डसाहेबानं लिहाचं थांबवलं. मंग चोरीची तक्रार काय होती, म्हनून इचारलं. कुंपनाशी सारे कान टवकारून उभे. हे कुंपनाकडे वळले अन् म्हनले, "तक्रार खोटी होती. चोर तो नाई. डोकं माह्यं खराब."

रूपसिंग आला, संगं मानीबाई. चकती तिच्या जुन्या ओढनीत गुंडाळलेली, जवारीच्या कोठीत ठेवली होती तं दोन-चार दाने चिकटलेले. गार्डसाहेबानं नंबर कागदाशी लावून पाह्यला. बरोबर. मंग चकती फळीच्या टोकाशी टेकवली. फळीतली तडक सरळ चकतीत गेली, एकाच रेघेत, मधात केस भी मावला नसता. गार्डसाहेबानं जबाब घेतला, यायले असं काही सुनावलं का ते मी इथी सांगत नाई, अन् लाकूड सोडून गेले.

लोक गेले. हे खाली पाहून उभे. माफी म्हना तं या मानसाच्या जिभेले तो शब्द येत नाई. रूपसिंगनं यायच्याकडे पाह्यलं भी नाई, मले म्हनला, "सोमवारपासून येतो. दार तुमचं आहे, वयनी."

सोमवारी आला. यायनं ती मशीन पुसून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती चालवली, हलक्या हातानं, आवाज ऐकत ऐकत, अन् बटन सोडल्यावर पाती थांबेपर्यंत हातातच धरून ठेवली. खड्डे पडले होते त्या फळ्या त्यानं अशा साधल्या का आता मले भी सापडत नाई कुठी होते. काम चालू असताना यायनं खुर्ची टाकली नाई. वावरात जात. कापूस तवा घरी आला आमचा.

पन संध्याकाळी काम सुटलं का रूपसिंग उंबरठ्यापाशी ये अन् थैली उलटी करून झाडे. रोज. रंधा, पटाशी, हातोडी, गुन्या. हे वावरातून आलेले असले तं त्यायच्यासमोर, नसले तं वाट पाहात बसे, हे आले का मंग झाडे. मशीन भी हातात देऊन म्हने, मोजून घ्या. पहिल्या दिवशी यायनं मान फिरवली. तिसऱ्या दिवशी नोको म्हनले. तो म्हनला, असू द्या भाऊ, बरं असते. मी मानीबाईले सांगतलं का त्याले समजाव. तिनं कापसाचं बोंड हातात फिरवलं अन् म्हनली, ताई, त्याचं मन तडकलं आहे, त्याले रंधा नाई.

अकराव्या दिवशी दार लागलं. मी सोता लोटून पाह्यलं, बोटानं लोटलं तरी बंद होते, अन् बंद झालं का फटीतून उजेड भी येत नाई. पाटा ओढून मी त्याच्या जागी नेऊन ठेवला. नारळ फोडला. चकती यायच्या हातात देल्ली रूपसिंगनं, रीतीप्रमानं. यायनं ती उलटी न करता, नंबर न पाहाता घेतली, हे मी पाह्यलं.

मंग रूपसिंगनं औजारं भरली अन् नव्या दाराच्या उंबरठ्यापाशी येऊन थैली उलटी केली. शेवटचा दिवस, तरी भी. सारं खाली पडलं, रंधा, पटाशी, हातोडी, गुन्या, पेन्सिलीचा तुकडा, अन् थोडा सागाचा भुसा.

आमचे हे खाली बसले. गुडघे दुखते त्यायचे, भिंतीले हात टेकून बसले. अन् एक-एक औजार उचलून त्याच्या थैलीत घालू लागले. पटाशीची धार कोनत्या अंगाले आहे ते पाहून घातली, हातोडी घातली, पेन्सिलीचा तुकडा रांगत जाऊन खाटेखालून काढला अन् घातला.

मंग रूपसिंग भी खाली बसला अन् थैलीचं तोंड उघडं धरलं.